साधेपणाचा ताळेबंद

‘साधी राहणी आणि उच्च विचारसरणी’ हा सुविचार ज्याच्या वाचनात आलेला नाही असा मनुष्य महाराष्ट्रात विरळाच. शाळेच्या फळ्यावर तो अधूनमधून झळकतो. निवृत्त होणाऱ्या शिक्षकाच्या गौरवाचे भाषण त्याच्यावाचून सहसा पुरे होत नाही. परंतु साधी राहणी म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. महिन्याच्या वीस तारखेनंतर ज्याच्या घरात पैसा उरत नाही त्याची राहणी साधीच असते. पण ती त्याने निवडलेली नसते, परिस्थितीने त्याच्यावर लादलेली असते. ज्याच्याजवळ सर्व काही आहे असा मनुष्य कधी हौसेने, तर कधी लौकिकासाठी साधा पोशाख करतो. त्या साधेपणालाही पुष्कळदा बराच पैसा पडतो. तिसरा मनुष्य पोटाला चिमटा घेऊन बँकेतील ठेव वाढवितो. त्याचा साधेपणा ही पुढे ढकललेली चैन असते. तिघांच्या वृत्तीत फरक असला तरी एक गोष्ट समान आहे. तिघेही केवळ आपल्या स्वतःच्या जमाखर्चाचा विचार करीत असतात.

धर्माला अभिप्रेत असलेला साधेपणा याहून वेगळा असला पाहिजे. तो कोणत्या अर्थाने वेगळा, हे समजून घेण्यासाठी ख्रिस्ती धर्मश्रद्धा आणि अर्थशास्त्र या दोन्हींशी आयुष्यभर इमान राखणाऱ्या एका भारतीयाचे चरित्र फार उपयोगी पडते. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे त्यांचे नाव. गांधीजींचे अर्थविषयक सहकारी म्हणून त्यांची थोडीफार ओळख अभ्यासकांना आहे. परंतु त्यांच्या साधेपणाचे मूळ त्यांच्या ख्रिस्तभक्तीत होते आणि त्या भक्तीला वळण दिले ते त्यांच्यातील हिशेबतपासनिसाने, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

शुभवर्तमानांत श्रीमंत माणसांच्या दोन कथा येतात. पहिली सर्वश्रुत आहे. अक्षय जीवनाचा मार्ग विचारायला आलेल्या एका धनवानाला येशूने सांगितले की, जे काही असेल ते विकून गोरगरिबांना वाटून टाक आणि माझ्यामागे ये. तो मनुष्य खिन्न होऊन निघून गेला, कारण त्याची मालमत्ता मोठी होती. ही कथा ऐकून इजिप्तमधील अँटनीने तिसऱ्या शतकात घरदार सोडले. असीसीच्या फ्रान्सिसने तेराव्या शतकाच्या आरंभी बापाच्या संपत्तीकडे पाठ फिरवून दारिद्र्याशी लग्न लावले, ते याच परंपरेत. या सर्वसंगपरित्यागाचे मोल मोठे आहे यात शंका नाही. परंतु त्यातून एक विचित्र श्रमविभागही निर्माण झाला. त्याग करायचा तो साधूंनी, आणि बायकामुले व नोकरीधंदा सांभाळणाऱ्या गृहस्थाने चर्चच्या पेटीत यथाशक्ती नाणे टाकून समाधान मानायचे, अशी सोईस्कर वाटणी होऊन बसली.

दुसरी कथा यरीहो गावच्या जक्कयाची. हा मुख्य जकातदार. अंगाने ठेंगणा असल्यामुळे गर्दीत येशू दिसेना, म्हणून तो उंबराच्या झाडावर चढला. येशूने त्याला खाली बोलावले आणि आपण होऊन त्याच्या घरचा पाहुणचार स्वीकारला. त्या प्रसंगी जक्कयाने दोन घोषणा केल्या. अर्धी मालमत्ता तो गरिबांना देणार होता; आणि ज्याच्याकडून अन्यायाने काही घेतले असेल त्याला चौपट परत करणार होता. दान आणि परतफेड ही दोन खाती त्याने वेगळी ठेवली, हे येथे मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. जे आपले आहे त्यातून द्यायचे ते दान. जे मुळात आपले नव्हतेच, ते मालकाला पोहोचवायचे ही परतफेड. पहिल्यासाठी औदार्य लागते; दुसऱ्यासाठी वही उघडावी लागते. कुमारप्पांचा साधेपणा हा या दुसऱ्या जातीचा होता.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला जाऊन त्यांनी हिशेबतपासणीचे शिक्षण घेतले आणि पुढे मुंबईत आपला व्यवसाय थाटला. पोशाख, रीतिरिवाज, खाणेपिणे सारे युरोपीय वळणाचे. १९२७ साली ते अमेरिकेला गेले आणि सिरॅक्यूज व नंतर कोलंबिया विद्यापीठात शिकले. हिंदुस्थानच्या दारिद्र्याची कारणे सांगणारे त्यांचे एक व्याख्यान वृत्तपत्रात छापून आले. ते कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांच्या वाचनात आले आणि त्यांनी हिंदुस्थानचे सार्वजनिक अर्थकारण व दारिद्र्य यांचा संबंध तपासण्याचे काम कुमारप्पांकडे दिले. सरकारी जमाखर्चाचे आकडे तपासता तपासता या हिशेबतनिसाला उमगले ते असे की, ज्या साम्राज्याच्या व्यवस्थेत आपली भरभराट झाली त्या व्यवस्थेच्या वहीत दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचे उपाशी पोट मांडलेले आहे. येथून पुढे त्यांना स्वस्थ बसणे शक्य नव्हते.

हे हस्तलिखित घेऊन ते ९ मे १९२९ रोजी साबरमतीला गेले. नेमलेल्या वेळेपूर्वी पोहोचल्यामुळे ते इकडेतिकडे पाहत उभे होते. एका झाडाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक वृद्ध गृहस्थ सूत कातीत बसले होते. चरखा चाललेला कधी पाहिला नसल्यामुळे कुमारप्पा काठीवर रेलून तो पाहत राहिले. काही मिनिटांनी त्या गृहस्थांनीच ‘आपण कुमारप्पा का?’ असे विचारले, तेव्हा हेच गांधी हे त्यांच्या ध्यानात आले. अंगावरील उंची सुटाची पर्वा न करता ते तेथेच जमिनीवर बसले. कोणीतरी खुर्ची आणली, ती त्यांनी नाकारली. या प्रसंगाला नाट्यमय परिवर्तनाचे रूप देण्याचा मोह टाळणेच बरे. कारण लागलीच गुजरात विद्यापीठात पाठविले असता काका कालेलकरांना या पाश्चात्त्य पेहरावातील, गुजराती न जाणणाऱ्या गृहस्थाविषयी शंकाच वाटली होती आणि कुमारप्पा मुंबईला परतलेही होते. गांधीजींनी पुन्हा बोलावल्यावरच ते कामाला लागले. खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्यातील खेड्यांची आर्थिक पाहणी त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन केली. घरोघर जाऊन उत्पन्न, कर्ज, सारा आणि खाणारी तोंडे यांची नोंद करणे हे त्या पाहणीचे स्वरूप. ख्रिस्ती मनुष्याने शेजाऱ्यावर प्रेम करावे असे म्हणतात. कुमारप्पांनी त्या प्रेमाचा प्रारंभ शेजाऱ्याच्या कर्जाचा आकडा विचारण्यापासून केला.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांचा प्रश्न अधिक टोकदार झाला. अँग्लिकन चर्चचे हिंदुस्थानातील प्रमुख धर्माध्यक्ष फॉस वेस्टकॉट यांनी कायदेभंगाविरुद्ध मत दिले, तेव्हा कुमारप्पांनी त्यांना उघड पत्र लिहून जाब विचारला. शत्रूवर हात न उगारता मार खाणाऱ्या सत्याग्रहींच्या बाजूला ख्रिस्ताचे अनुयायी नसतील, तर ते कोठे असणार, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. चर्चविषयी त्यांना आदर नव्हता असे नाही. परंतु उपासना आणि सिद्धान्त यांच्या उंच इमारतीखाली ख्रिस्ताची साधी आचारपद्धती गाडली गेली आहे, अशी त्यांची खात्री झाली होती.

या आचारपद्धतीचा अर्थ त्यांनी किती काटेकोरपणे घेतला होता, याची प्रचीती १९३४ साली आली. त्या वर्षीच्या १५ जानेवारीला बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. मदतकार्यासाठी देशभरातून पैसा येऊ लागला आणि त्याचा हिशेब ठेवण्यासाठी कुमारप्पांना पाटण्याला बोलावण्यात आले. कार्यकर्त्यांच्या दैनंदिन खर्चासाठी त्यांनी माणशी तीन आण्यांची मर्यादा घालून दिली. पुढे गांधीजी आपल्या मंडळींसह पाटण्याला आले. त्यांचा आहार आणि मंडळींचा खर्च तीन आण्यांत बसणारा नव्हता. कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना सांगितले की, भूकंपग्रस्तांच्या निधीतून हा खर्च देता येणार नाही. गोष्ट गांधीजींच्या कानावर गेली. त्यांनी कुमारप्पांचे म्हणणे ऐकून घेतले आणि ते बरोबर ठरवून आपल्या मंडळींची वेगळी सोय करायला सांगितले.

ही गोष्ट करारी स्वभावाचा नमुना म्हणून सांगितली जाते. पण तिच्यातील अर्थशास्त्रीय मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. तीन आणे ही कुमारप्पांच्या दृष्टीने कार्यकर्त्यांच्या विरक्तीची कसोटी नव्हती. तो पैसा ज्याचे घर कोसळले त्याचा होता, आणि चौथा आणा खर्च झाला तर तो त्याच्याच ताटातून निघणार होता. साधे राहायचे ते आत्म्याच्या उन्नतीसाठी, हा विचार येथे दुय्यम ठरतो. खर्चाच्या दुसऱ्या टोकाला कोण उभा आहे, हे दिसू लागले की साधेपणा आपोआपच येतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाजांनी दिलेल्या वर्ध्याच्या मगनवाडीत संघाचे ठाणे पडले. भाताची हातसडी, तेलाची घाणी, गूळ, मधमाश्यापालन, हातकागद असे उद्योग तेथे चालत. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तेथलाच. अविवाहित कुमारप्पांनी आपली उमेदीची वर्षे या विदर्भाच्या उन्हात घालविली. येथे त्यांनी मांडलेला एक विचार आजच्या ग्राहकालाही अस्वस्थ करील. बाजारातील कोणत्याही वस्तूला किमतीबरोबर नैतिक मूल्यही चिकटलेले असते, असे ते म्हणत. चोरीचा माल स्वस्तात घेणारा जसा चोरीचा भागीदार, तसाच पिळवणुकीतून निर्माण झालेली वस्तू घेणारा त्या पिळवणुकीचा भागीदार. उदाहरण म्हणून त्यांनी कोकोचा साधा पेला घेतला होता. पश्चिम आफ्रिकेतील मळ्यांवरच्या सक्तीच्या मजुरीपासून तो जहाजावरील खलाशांच्या हालांपर्यंतचा सारा प्रवास त्यांनी त्या पेल्यात दाखवून दिला.

येथे एक गैरसमज दूर होतो. साधे राहणे म्हणजे कमीत कमी पैशांत भागविणे नव्हे. मगनवाडीचा हातकागद गिरणीच्या कागदाहून महाग होता, घाणीचे तेल गिरणीच्या तेलाहून महाग होते. कुमारप्पांच्या दृष्टीने साधा मनुष्य कधी कधी अधिक दाम मोजील. कारण त्या दामात करणाऱ्याचे पोट भरेल एवढी मजुरी बसली पाहिजे, ही त्याची अट असते. स्वस्ताई हीच जर साधेपणाची खूण मानली, तर सर्वांत जास्त पिळवणूक करणारा कारखाना साधेपणाचे तीर्थक्षेत्र ठरेल.

१९४२ च्या आंदोलनानंतर त्यांना कारावास झाला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूचा आचार आणि उपदेश यांविषयीचे, दुसरे ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’, म्हणजे चिरस्थायी अर्थव्यवस्थेविषयीचे. दोहोंना गांधीजींच्या प्रस्तावना आहेत. एकाच कोठडीत, एकाच लेखणीतून ही दोन पुस्तके उतरली, हा योगायोग नव्हे. दुसऱ्या पुस्तकात त्यांनी अर्थव्यवहाराच्या पाच पायऱ्या कल्पिल्या आहेत. दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारा वाघ, न लावलेल्या झाडाचे आंबे ओरबाडणारे माकड, मध घेताना फुलाचेही काम करणारी मधमाशी, स्वतःपुरते न पाहता साऱ्या पोळ्यासाठी राबणारा मधमाश्यांचा समूह, आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता पिलांना भरविणारी पक्षीण. मनुष्य यांपैकी कोणत्याही पायरीवर उभा राहू शकतो, निवड त्याची. ख्रिस्ताने शिकविलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली जाते ती आजच्यापुरती, आणि तीही एकट्यासाठी नव्हे, सर्वांसाठी. पक्षिणीच्या अर्थव्यवस्थेचा उगम त्या प्रार्थनेत शोधला तर ते वावगे होणार नाही.

या विचारावर आक्षेप घेता येत नाहीत असे नाही. अर्थशास्त्राचा कोणताही विद्यार्थी पहिला आक्षेप सहज घेईल. सर्वांनीच गरजा कमी केल्या तर मागणी घटेल, मागणी घटली की रोजगार घटेल, आणि साधेपणाच्या पुण्याचा भुर्दंड अखेर मजुरालाच बसेल. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु कुमारप्पांचा आग्रह खर्च थांबविण्यापेक्षा खर्चाची दिशा बदलण्याचा होता, हे लक्षात घेतले की त्याची धार बरीच कमी होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याला दोन वेळचे अन्न नाही त्याला साधेपणा शिकविणे ही क्रूर थट्टा होय. कुमारप्पांनी ती केली नाही. त्यांचा रोख सदैव शहरी सुशिक्षितांकडे होता. काँग्रेसने नेमलेल्या शेती सुधारणा समितीचे अध्यक्ष या नात्याने १९४९ साली त्यांनी जो अहवाल दिला, त्यात कसेल त्याची जमीन या तत्त्वाचा पुरस्कार होता. खेडुताने गरजा कमी कराव्यात असे तो अहवाल म्हणत नाही; त्याच्या हक्काचे त्याला मिळावे असे म्हणतो. जक्कयाची चौपट परतफेड ती हीच.

तिसरा आक्षेप इतिहासाने घेतला आणि त्याचे उत्तर कुमारप्पांपाशी पुरते नव्हते. यंत्राची उत्पादकता, वाढती लोकसंख्या आणि शहरांची ओढ यांच्यापुढे घाणी आणि हातकागद टिकाव धरू शकले नाहीत. नेहरूंच्या अध्यक्षतेखाली १९३८ साली नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीतून ते लवकरच बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतरच्या योजनांची दिशाही त्यांना मानवली नाही. बोलणे तिखट, तडजोड ठाऊक नाही. त्यामुळे सत्तेच्या वर्तुळात ते एकाकी पडत गेले. शेवटची वर्षे त्यांनी मदुराई जिल्ह्यातील टी. कल्लुपट्टी येथील आश्रमात काढली. तेथील त्यांच्या खोलीत गांधीजींच्या चित्राबरोबर एका गरीब खेडुताचेही चित्र होते. गांधीजी आपले गुरू आणि हा खेडूत आपल्या गुरूचा गुरू, असे ते पाहुण्यांना सांगत. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, त्यांचे मद्रास येथे निधन झाले.

त्यांचे विचार मात्र अनपेक्षित वाटांनी परतून आले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या ग्रंथात शूमाकर यांनी कुमारप्पांचा आधार घेतला, तो बौद्ध अर्थशास्त्रावरील प्रकरणात. आणि हे शूमाकर स्वतः १९७१ साली कॅथलिक झालेले! कोळसा व खनिज तेल यांसारख्या साठ्यांवर उभी असलेली अर्थव्यवस्था टिकाऊ नसते आणि ती हिंसेला आमंत्रण देते, हे कुमारप्पांचे प्रतिपादन हवामानबदलाच्या आजच्या काळात वेडगळ वाटत नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून पृथ्वीची हानी आणि गरिबांची उपेक्षा यांचा संबंध जोडला आणि साध्या राहणीचे आवाहन केले, तेव्हा मगनवाडीत पूर्वीच होऊन गेलेल्या एका विचाराला रोमहून दुजोरा मिळाला.

तथापि सामान्य पगारदार मनुष्याने यातून काय घ्यावे, हा प्रश्न उरतोच. त्याला मगनवाडीला जाता येत नाही, सुतकताईवर संसार चालत नाही, आणि भ्रमणध्वनीच्या बॅटरीतील कोबाल्ट काँगोतील कोणत्या खाणीतून आले हे त्याला शोधता येत नाही. जग इतके गुंतागुंतीचे झाले आहे की वस्तूच्या दुसऱ्या टोकाचा मनुष्य नजरेआड गेला आहे. परंतु सर्वच माणसे इतकी दूर नसतात. सकाळच्या चहात पडणारी साखर ज्या उसापासून होते तो तोडणारी टोळी दर हिवाळ्यात बीड जिल्ह्यातून निघते. त्यातील स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्याच्या विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कुमारप्पांच्या कोकोच्या पेल्याप्रमाणेच या चहाच्या कपाचीही एक वही आहे. ती उघडणाऱ्याने साखर सोडावी असे नाही. साखर सोडल्याने तोडणीवालीची मजुरी वाढत नाही. पण साखर स्वस्त मिळावी म्हणून कोण काय देत आहे, हे ज्याला कळले तो तिच्या मजुरीच्या मागणीला महागाईचे कारण म्हणून नाक मुरडणार नाही, आणि मत देताना, संघटनेत बोलताना, घरातल्या मोलकरणीचा पगार ठरविताना त्याला ती वही आठवेल.

साधेपणाचे हे रूप दिखाऊ नाही. त्याचा सत्कार होत नाही आणि त्यावर सुविचारही लिहिता येत नाही. ख्रिस्ती घरात ते जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत असेल, दुसऱ्या घरात वदनी कवळ घेताना असेल. ताटातील अन्नाबद्दल देवाचे आभार मानून झाल्यावर, त्या अन्नासाठी राबलेल्या माणसाचे देणे चुकते झाले आहे काय, एवढे एकदा विचारणे ही त्याची सुरुवात. जक्कय झाडावरून उतरला आणि त्याने आपल्या घरीच हा प्रश्न सोडविला. त्यासाठी त्याला अरण्यात जावे लागले नाही.